अमेरिकेत हौशी ऑटोक्रॉससाठी १०,००० डॉलरमध्ये कोणती स्पोर्ट्स कार घ्यावी?

घाईत असाल तर एवढंच वाचा: १९९९ ते २००५ मधली माझदा मियाटा बघा, सहा-सात हजारांच्या आत मिळवा, आणि उरलेल्या पैशांना गाडी घेताना हात लावू नका.

आता सविस्तर. तुम्ही लिहिलंय की ओहायोत नोकरी करता, रोजच्या वापराला कॅमरी आहे, हंगामात पाच-सहा वेळा ऑटोक्रॉसला जायचा विचार आहे, आणि डोक्यात कॉर्व्हेट सी५, पोर्शे बॉक्स्टर आणि मियाटा अशी तीन नावं घोळतायत. मी मूळचा सांगलीचा, आता मिशिगनमध्ये असतो, हा माझा आठवा हंगाम. पट्टीचा चालवणारा वगैरे मी नाही, निकालाच्या यादीत मधल्या रांगेत असतो. पण पैसे कुठे वाया जातात यावर मात्र अधिकारवाणीने बोलू शकतो, कारण बरेचसे मी स्वतःच घालवले आहेत.

आधी एक गोष्ट. आपल्याकडे ऑटोक्रॉस म्हटलं की धूळ, माती आणि उड्या मारणारी जिप्सी डोळ्यांसमोर येते. इथला प्रकार वेगळा. भलंमोठं पार्किंग किंवा जुनी धावपट्टी, त्यावर नारिंगी कोन मांडलेले, आणि एका वेळी एकच गाडी, लढत फक्त वेळेशी. एक फेरी साधारण मिनिटभराची, दिवसाकाठी चार ते सहा फेऱ्या. एससीसीए (स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका) ही १९४४ पासूनची संस्था, तिचा यासाठीचा उपक्रम ‘सोलो’ नावाने चालतो. वर्षाचा मोठा मेळा नेब्रास्कात लिंकनला जुन्या हवाई तळावर भरतो. कोनाला धक्का लागला की प्रत्येकी दोन सेकंद वाढतात. आणि इथे लोक सेकंदाच्या दहाव्या हिश्शासाठी जीव टाकतात, तेव्हा दोन सेकंद म्हणजे ती फेरी गेली असंच समजा.

गाडी निवडताना हे सगळं डोक्यात ठेवावं लागतं. बहुतेक कोर्स दुसऱ्या गिअरमध्येच संपतो. ताशी शंभर किलोमीटरच्या वर काटा क्वचितच जातो. सी५ची ३४५ अश्वशक्ती तिथे वापरणार कुठे? पॅडल जरा दाबलं की पुढचं वळण अंगावर येतं. शिवाय रुंदीचा हिशोब कोणी करत नाही. सी५ जवळजवळ १८७ सेंटीमीटर रुंद, पहिल्या पिढीची मियाटा १६७.५ सेंटीमीटर. ओळीने लावलेल्या कोनांमधून नागमोडी जाताना अरुंद गाडीला कमी वळावं लागतं, तिची वाट अक्षरशः सरळ होते. सी५ या खेळात जोरात पळते, नाही असं नाही, पण ती पळवणारी माणसं दहा-दहा वर्षं मुरलेली असतात. शिवाय जवळपास दीड टन वजन प्रत्येक वळणावर टायर खातं, आणि तिचे रुंद टायर स्वस्त नसतात.

माझी पहिली चूक हीच होती. पहिल्या वर्षी मी एका नावाजलेल्या कंपनीची जुनी, दणकट इंजिनाची गाडी घेतली. कंपनीचं नाव घेत नाही, कारण दोष माझा: सगळे पैसे खरेदीतच संपवले. तिसऱ्या इव्हेंटला रेडिएटरची नळी फुटली, मग पाण्याचा पंप गेला, आणि उरलेला हंगाम मी दुसऱ्यांच्या फेऱ्यांत पडलेले कोन उचलण्यात घालवला. (कोन तसेही सगळ्यांनाच उचलावे लागतात. प्रत्येक ड्रायव्हरला एक पाळी कोर्सवर उभं राहून काम करावंच लागतं. पण मी दोन्ही पाळ्या करत होतो.) म्हणून माझं म्हणणं असं, की बजेट गाडीचं ठरवू नका, पूर्ण हंगामाचं ठरवा.

मियाटाच का? वजन साधारण १,०५० किलो, ताकद १४० अश्वशक्तीच्या आसपास, इंजिन पुढे, जोर मागच्या चाकांना, आणि वजन पुढे-मागे जवळपास निम्मं-निम्मं. चारही चाकांना डबल विशबोन सस्पेन्शन आहे. त्यामुळे गाडी वळणात झुकली तरी टायर रस्त्यावर बऱ्यापैकी सपाट टेकलेला राहतो. पण यापेक्षा मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. ही गाडी तुमची चूक लपवत नाही. वळणात घाईने घुसलात तर पुढची चाकं लगेच सरकतात, पॅडल अचानक सोडलंत तर शेपूट हलते, आणि हे सगळं इतक्या कमी वेगात आणि इतकं आधी सांगून घडतं की सावरायला वेळ मिळतो. ताकदवान गाडीत चूक पुढच्या सरळ पट्ट्यावर भरून काढता येते, म्हणून ती चूक वर्षानुवर्षं अंगात राहते. १९९० ते ९७ ची पहिली पिढी, ती डोळे मिचकावणारी (पुढचे दिवे वर उघडतात आणि मिटतात ती), याहून हलकी आणि गोड, पण चांगल्या अवस्थेतल्या गाड्यांच्या किमती हौशी संग्राहकांनी चढवून ठेवल्यात.

घेताना मैल बघू नका, गंज बघा. तुमच्या-आमच्या राज्यांत हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे हे जास्तच. मागच्या चाकाच्या अगदी पुढे, दाराखालचा पत्रा हाताने दाबा, लोहचुंबक लावून बघा. चुंबक चिकटत नसेल तर आत पुटी भरून वरून रंग मारलाय, निमूट घरी या. छपरावरचं पाणी वाहून जायच्या वाटा पाल्यापाचोळ्याने तुंबतात आणि तेच पाणी आतून पत्रा खातं. टायमिंग बेल्ट कधी बदलली याची पावती मागा. क्लचचा छोटा सिलिंडर गळत असेल तर घाबरू नका, तो स्वस्तात होतो, भाव पाडायला मात्र उपयोगी. फाटलेलं कापडी छप्परही तसंच. कोणी आधीच उंची कमी केलेली, टर्बो लावलेली, ‘रेस-रेडी’ म्हणून विकत असेल तर हात जोडा आणि पुढे चला.

उरलेल्या पैशांत आधी ब्रेक ऑइल, सगळी ऑइलं, गरजेप्रमाणे रबरी बुश आणि शॉक अॅब्सॉर्बर. मग टायर. एससीसीएच्या स्ट्रीट वर्गात, म्हणजे जवळपास मूळ अवस्थेतल्या गाड्यांच्या वर्गात, टायरचा ट्रेडवेअर आकडा (टायर किती टिकतो याचं माप) किमान २०० लागतो. ब्रिजस्टोन आरई-७१आरएस किंवा योकोहामा ए०५२ यांच्यामागे सगळे धावतात, पण पहिल्या वर्षी साधा, टिकाऊ टायर घ्या. चिकट टायर चुका झाकतो आणि लवकर संपतो. त्याऐवजी चांगल्या माणसाकडून व्हील अलाइनमेंट करून घ्या, पुढच्या चाकांना जमेल तितका निगेटिव्ह कॅम्बर (चाकाचा वरचा भाग आत झुकलेला) द्यायला सांगा. शंभर-दीडशे डॉलरच्या या कामाने जेवढा फरक पडतो तेवढा हजाराच्या सायलेन्सरने पडत नाही. सायलेन्सरने फक्त शेजारी जागे होतात.

बॉक्स्टरबद्दल: चालवायला सुंदर, पण सुरुवातीच्या गाड्यांचं आयएमएस बेअरिंग (इंजिनातल्या मधल्या शाफ्टचं) गेलं तर इंजिनच जातं. दहा हजारांत ती जोखीम नको. टोयोटा एमआर२ स्पायडर हलकी आणि मजेदार, डिकी मात्र नावापुरतीही नाही. फोर्ड फिएस्टा एसटी पुढच्या चाकांवर चालते, वळणात मागचं आतलं चाक कुत्र्यासारखं उचलते, आणि चार माणसं, किराणा सगळं बसतं. सुबारू बीआरझेड उत्तम, पण या पैशांत मिळणाऱ्या गाड्या बऱ्याच पिळलेल्या असतात.

आणि हे सगळं पुढच्या महिन्यात. या महिन्यात कॅमरी घेऊनच जा. हसणार कोणी नाही, नवख्यांच्या वर्गात अशा गाड्या असतातच. हेल्मेट बऱ्याच ठिकाणी वापरायला देतात. टायरमध्ये हवा थोडी जास्त भरा आणि कडेला खडूने रेघ ओढा, फेरीनंतर ती कुठपर्यंत पुसली गेली ते बघा, म्हणजे टायर किती कलंडतोय ते कळेल. सकाळी कोर्स पायी फिरायला देतात, तो दोनदा तरी फिरा. दुपारी मियाटावाल्यांना विचारा, ‘शेजारी बसू का?’ बहुतेक जण आनंदाने बसवतात. तुमच्या विम्यात घड्याळ लावून चालवण्याला संरक्षण आहे का तेही घरी वाचून या, बहुतेकदा नसतं.

एक राहिलंच, उंची लिहिली नाहीत तुम्ही. सहा फुटांच्या वर असाल तर मियाटात हेल्मेट घालून डोकं छपराला टेकतं, लोक सीटमधला फोम कापून बसतात. आधी बसून बघा. नाहीच मावलात तर फिएस्टा एसटी शोधायला लागा.