आजोबांच्या परवान्यावरची रायफल : आधी जमा पावती बघा

प्रश्न : शेजाऱ्यांच्या आजोबांची विलायती शिकारी रायफल आहे. परवाना आजोबांच्या नावावर होता, ते वारून बरीच वर्षं झाली. नातू ती एक लाखाला द्यायला तयार आहे. पन्नास वर्षांहून जुनी असल्याने परवाना लागत नाही, असं तो म्हणतो. पंचवीस हजार बयाणा देऊन स्टॅम्पपेपर केला आहे. बागेत रानडुकरांचा फार त्रास आहे. घ्यावी का?
– एक वाचक, लांजा तालुका

उत्तर : रत्नागिरी-सिंधुदुर्गातून हा प्रश्न वारंवार येतो आणि बहुतेक वेळा बयाणा देऊन झाल्यावरच येतो. तुम्ही पाठवलेली स्टॅम्पपेपरची प्रत वाचली. रायफल अजून शेजाऱ्यांच्या माळ्यावरच आहे, असं तुम्ही लिहिता. कागदात मात्र "सदर रायफलीचा प्रत्यक्ष ताबा आज रोजी लिहून घेणार यांस दिला असे" असं वाक्य आहे आणि खाली तुमची सही आहे. जमिनीच्या कागदाचा मसुदा उचलून त्यात रायफल घातली की असं होतं. विनापरवाना बंदूक बाळगली तर शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम २५ खाली किमान दोन आणि कमाल पाच वर्षं कैद व दंड आहे. न घडलेल्या गुन्ह्याची कबुली तुम्ही सही करून देऊन ठेवली आहे. सही करण्याआधी कागद एकदा तरी वाचायचा होता. ताबा दिला-घेतला गेलेला नाही, असं स्पष्ट लिहून दोघांच्या सहीने तो व्यवहार याच आठवड्यात रद्द करा.

आता मुख्य मुद्दा. तुम्हाला परवाना मिळेल की नाही हा पुढचा प्रश्न झाला. शेजाऱ्यांना ती रायफल विकता येते का, हे आधी ठरायला हवं आणि ते एका कागदावर ठरतं. परवानाधारक वारला की त्याचा परवाना वारसाकडे आपोआप येत नाही. ताबा कायदेशीर राहिला नाही की कलम २१ प्रमाणे विनाविलंब हत्यार पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावं लागतं. तसं जमा केलेलं असेल, तर ठरलेल्या मुदतीत वारसाला ते स्वतःच्या परवान्यावर परत घेता येतं किंवा पात्र माणसाला विकता येतं. मुदत उलटली तर ते सरकारजमा होऊ शकतं. म्हणून शेजाऱ्यांकडे आजोबांचं परवाना पुस्तक मागू नका, जमा पावती मागा. पावतीवर रायफलीचा नंबर, बोअर (नळीच्या आतल्या भोकाचं माप) आणि तारीख असते. तो नंबर नळीवरच्या नंबराशी स्वतः ताडून बघा.

पावती नाही आणि रायफल माळ्यावर आहे, म्हणजे ती कधी जमाच झालेली नाही असं मी धरतो. अशा वेळी शेजाऱ्यांनी वकिलामार्फत पोलीस ठाण्याला लेखी कळवावं आणि ठाणं सांगेल त्या रीतीने ती जमा करावी. गोणपाटात गुंडाळून मोटरसायकलवरून परस्पर नेऊ नये. इतक्या वर्षांच्या उशिराकडे ठाणं आणि जिल्हादंडाधिकारी कसं बघतील, याची हमी कोणी देऊ शकत नाही. तरी स्वतःहून जमा केलेलं हत्यार आणि झडतीत सापडलेलं हत्यार यांत फार फरक पडतो. त्यानंतर नातवाला शस्त्र नियम, २०१६ च्या नियम २५ खाली वारस म्हणून परवाना मागता येतो. त्यासाठी बाकीच्या वारसांची संमती लागणार. मुंबईतले काका-आत्या गणपतीला गावी येतात, तेव्हाच सह्या उरकून घ्याव्यात. नाहीतर कागद वर्षभर अडतो.

हे सगळं जुळलं तरी "रायफल घेऊन जा, कागद मागाहून करू" हे चालणार नाही. कलम ५ प्रमाणे विकणाऱ्याने जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला घेणाऱ्याचं नाव-पत्ता लेखी कळवायचा आणि त्यानंतर किमान ४५ दिवस थांबायचं. पोच घ्या, दिवस पोचेच्या तारखेपासून मोजा. ताबा घेण्याआधी तुमच्या हातात स्वतःचा परवाना हवा, हे वेगळं सांगायला नको.

पन्नास वर्षांची गोष्ट अर्धीच खरी आहे. शस्त्र नियमांतल्या २०२० च्या दुरुस्तीने जुन्या, संग्राह्य शस्त्रांना सवलत दिली, पण ती घेण्यापुरती आणि जवळ ठेवण्यापुरती. वापरायला, घेऊन फिरायला, एका जागेहून दुसरीकडे न्यायला परवाना लागतोच आणि परवान्यावर नोंद नसेल तर काडतूस मिळत नाही. ही रायफल त्या व्याख्येत बसते का, हे कागद पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. पण तुम्हाला ती रानडुकरांसाठी हवी आहे, तेव्हा ही सवलत तुमच्या कामाची नाही.

नळीवरचं बोअर नीट वाचा. .३०३ असेल तर विषय तिथेच मिटवा. लाकूड कापून, घासून शिकारी केलेली लष्करी .३०३ हुबेहूब विलायती शिकारी रायफलीसारखी दिसते, पण ते बोअर निषिद्ध आहे आणि त्याला केंद्र सरकारची परवानगी लागते. .३१५ ची काडतुसं भारतात बनतात. .३१८ सारखी इंग्रजी बोअर असतील तर काडतूस मिळवताना दमछाक होते. आपल्या खाऱ्या हवेत माळ्यावर पडलेली नळी आतून खड्डे पडून गेलेली असते. परवानाधारक कारागिराने तपासल्याशिवाय तिच्यात काडतूस घालणं जिवावर बेतेल.

आणि पिकाच्या रक्षणासाठी रायफल मागूच नका. कलम १३ त्यासाठी ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची बंदूक धरतं. ती पुरत नाही असं पटलं तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक. आतून आटे असलेल्या नळीला, म्हणजे रायफलीला, वेगळं सबळ कारण दाखवावं लागतं आणि शिकार हे कारण १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळे चालत नाही. सातबारा, वनखात्याचे नुकसानीचे पंचनामे आणि शस्त्र हाताळणीचं प्रशिक्षण प्रमाणपत्र जोडून बंदुकीचा अर्ज करा. नियमांत पोलीस अहवालाला ३० दिवस आणि त्यानंतर निर्णयाला ६० दिवस आहेत. प्रत्यक्षात पाठपुरावा केल्याशिवाय फाइल हलत नाही. परवाना हाती असला तरी डुक्कर मारायला वनखात्याची परवानगी वेगळी लागते.

थोडक्यात, ही रायफल घेऊ नका. पंचवीस हजार रद्दलेखातच नमूद करून बँकेमार्फत परत घ्या. शेजारी आता गोडीत आहेत तोवर हे होईल. दावा लावलात, तर करारच बेकायदेशीर म्हणून पैसे अडकू शकतात आणि तारखांमध्ये वर्षं जातील.