सासूबाईंना (वय ७६) डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) असल्याचं सांगितलंय. यावर खरंच काही उपचार आहे का?

पूर्ण बरं करणारं औषध नाही, पण म्हणून हात टेकू नका. आधी एक खात्री करा: बी-१२, थायरॉइड आणि मेंदूचा स्कॅन झालाय का? बी-१२ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य, पडल्यानंतर मेंदूवर साचलेलं रक्त यांमुळेही विसराळूपणा येतो आणि तो बराचसा सुधारू शकतो. झोपेच्या किंवा ॲलर्जीच्या काही गोळ्यांनीही गोंधळ वाढतो, त्यामुळे चालू असलेली सगळी औषधं डॉक्टरांपुढे ठेवा.

अल्झायमर (डिमेन्शियाचा सर्वाधिक आढळणारा प्रकार) असेल तर डोनेपेझिल, रिव्हास्टिग्मिन, पुढच्या टप्प्यात मेमँटिन देतात. फरक माफकच पडतो, काहींना तेवढाही नाही. डोनेपेझिलने भूक मंदावते, जुलाब होतात, नाडी संथ होऊ शकते. हृदयाचा त्रास असेल तर आधीच सांगा. अमेरिकेत २०२३ मध्ये मान्यता मिळालेलं लेकानेमॅब हे अल्झायमरवरचं औषध फक्त सुरुवातीच्या अवस्थेसाठी आहे आणि त्याने मेंदूत सूज किंवा रक्तस्राव होऊ शकतो.

माझ्या मते खरा फरक घरात पडतो. रोजचा ठरलेला क्रम, सकाळचं फिरणं, कानाचं यंत्र, बाथरूममध्ये रात्रभर दिवा. ‘अहो, आत्ताच तर जेवलात!’ असा वाद घालू नका, विषय बदला. संध्याकाळी चिडचिड वाढली तर आधी लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठता, दुखणं तपासा. शांत करणाऱ्या गोळ्या शेवटी, कारण त्यांनी पक्षाघाताचा धोका वाढतो.

ज्येष्ठांसाठी सरकारी हेल्पलाइन १४५६७ आहे. आणि आठवड्यातून एक दिवस सुट्टी तुम्हीही घ्या.