वाटाण्याचा कस आणि त्याची जनुके

प्रश्न : आमच्या भागात वाटाण्याचे पीक मोठे आहे. आनुवंशिकीच्या साहाय्याने त्याच्या दाण्याचा पौष्टिकपणा वाढवता येतो, असे वाचले. त्यासाठी दुसऱ्या जीवाचे जनुक वाटाण्यात घालावे लागते का?
– एक वाचक, सासवड

उत्तर : त्याची गरज नाही. या विषयातील महत्त्वाचे बरेचसे काम वाटाण्याचेच एखादे जनुक निकामी झालेली झाडे हेरून, त्यांचा चांगल्या वाणांशी संकर करून झाले आहे.

आनुवंशिकीचा पाया घालणाऱ्या मेंडेलने अभ्यासलेला सुरकुतलेला दाणा हे त्याचेच उदाहरण. पिष्टाच्या साखळ्यांना फांद्या फोडणाऱ्या विकराच्या (एन्झाइमच्या) जनुकात डीएनएचा एक तुकडा शिरल्यामुळे ते जनुक बंद पडले आहे, हे इंग्लंडमधील नॉरिच येथील शास्त्रज्ञांनी १९९० साली दाखवले. अशा दाण्यात अमायलोज हे सावकाश पचणारे, बिनफांद्यांचे पिष्ट अधिक असते, आणि तो खाल्ल्यावर रक्तातील साखर गोल दाण्याच्या तुलनेत कमी चढते, असे २०२० साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश संशोधनात आढळले. आपल्याकडचे ‘अर्केल’ हे वाण सुरकुतलेल्या बियांचेच आहे. रगड्याचा पांढरा वाटाणा मात्र गोल असतो.

वाळलेल्या वाटाण्यात साधारण २० ते २५ टक्के प्रथिने असतात. त्यांत मेथिओनीन व सिस्टीन ही अमिनो आम्ले (प्रथिनांचे घटक) कमी असली, तरी भाकरी-पोळीबरोबर खाल्ल्यास ती उणीव भरून निघते. म्हणून आपल्या आहाराच्या दृष्टीने मला फायटिक आम्लाचा प्रश्न अधिक निकडीचा वाटतो. प्रथिनांचे पचन अडवणारे ट्रिप्सिन-अवरोधक शिजवल्यावर बव्हंशी नष्ट होतात (कच्च्या पशुखाद्यात ते त्रासदायक ठरतात), परंतु लोह व जस्त बांधून ठेवणारे फायटिक आम्ल शिजवूनही बरेचसे टिकते, आणि दाण्यात लोह असूनही ते शरीराला पुरेसे मिळत नाही. कॅनडातील सस्कॅचेवान विद्यापीठात ‘सीडीसी ब्रॉन्को’ या वाणात रसायनांनी उत्परिवर्तन घडवून, फायटेटच्या (म्हणजे फायटिक आम्लाच्या) रूपातील फॉस्फरस सुमारे ६० टक्क्यांनी कमी असलेले वाण निवडण्यात आले. त्यांचे उत्पन्न मूळ वाणापेक्षा काहीसे कमी भरले, आणि ती तूट भरून काढल्याखेरीज शेतकऱ्याने असे वाण पेरावे अशी अपेक्षा करणे रास्त नाही.

जनुक निकामी झाल्याने येणारे असे गुण सहसा अप्रभावी असतात, म्हणजे जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी असल्या तरच ते दिसतात. वाटाण्यात स्वपरागण होत असल्याने, वाणात एकदा स्थिर झालेला असा गुण राखून ठेवलेल्या बियाण्यातूनही पुढच्या पिकात तसाच उतरतो.