ड्यूटी पण, डिग्री पण

प्रश्न: ताई, मी इंदूरला राजेंद्रनगरमध्ये राहतो, पीथमपूरला एका औषध कंपनीत पॅकिंगला आहे, वय 31. बाबा गेले तेव्हा बीकॉम सेकंड इयरला सोडलं ते सोडलंच. आता सुपरवायझरची पोस्ट निघाली की ग्रॅज्युएट मागतात आणि मी काम शिकवलेली पोरं वर जाऊन बसतात. शिफ्ट दर आठवड्याला बदलते, घरी लहान मुलगी आहे. इग्नूचा, म्हणजे त्या मुक्त विद्यापीठाचा, फॉर्म भरावा म्हणतोय, पण बायको म्हणते फी पाण्यात जाईल. काय करू?

उत्तर: भाऊ, फॉर्म नंतर, आधी एचआरला जाऊन विचारा की ग्रॅज्युएट म्हणजे नक्की कोण, कारण औषधाच्या कंपनीत प्रॉडक्शनला कायद्यानेच सायन्स किंवा फार्मसीवाला टेक्निकल स्टाफ लागतो, तिथे बीकॉम कामाचं नाही, स्टोअर नि डिस्पॅचला मात्र चालू शकतं. आणि हो, डिस्टन्सची, म्हणजे घरून अभ्यास करून घेतलेली, डिग्री चालेल का हेही तेव्हाच विचारून घ्या, म्हणजे विद्यापीठांवर देखरेख करणाऱ्या यूजीसीने 2022 मध्ये स्पष्ट केलंय की मान्यता असलेली डिस्टन्सची डिग्री रेग्युलरच्या बरोबरीची, पण प्रमोशन शेवटी कंपनी देते, यूजीसी नाही.

बीकॉमच चालणार असेल तर आता वेळेचं बोलू, आणि इथे वहिनींचं म्हणणं उडवून लावू नका. तीन वर्षांच्या डिग्रीला किमान 120 क्रेडिट, इग्नूत एक क्रेडिट म्हणजे 30 तासांचा अभ्यास धरतात, म्हणजे झाले 3600 तास. तीन वर्षांत संपवायचं तर आठवड्याला 23 तास, फिरत्या शिफ्टमध्ये आणि लेकरू घरात असताना हे कोणाच्या बापाला जमायचं नाही! पण तीनच वर्षांत संपवायची सक्ती कुठेय? पाच वर्षं धरा, आठवड्याला 14 तास होतात, ते निघतील. कंपनीच्या बसमध्ये वाचेन असं म्हणू नका, सी शिफ्ट, म्हणजे रात्रपाळी, करून निघालेला माणूस बसमध्ये झोपतोच, झोपू दे त्याला.

अडकतं ते असाइनमेंटमध्ये. तिला 30 टक्के वजन असतं, परीक्षेला 70, आणि दोन्हींत वेगवेगळं पास व्हावं लागतं. लोक शेवटच्या तारखेला रात्रभर बसून गाइडमधून उतरवतात, हात भरून येतो, डोक्यात काही शिरत नाही आणि मग पेपरला कोरे. तुम्ही सेकंड शिफ्टच्या आठवड्यात सकाळी दोन प्रश्न लिहून ठेवा, बस.

परीक्षा जून आणि डिसेंबरला, डेटशीट आली की त्याच दिवशी सुपरवायझरला दाखवून शिफ्ट बदलून घ्या. नाइट करून सकाळी 10 चा पेपर द्यायचा हट्ट करू नका. पी.एल., म्हणजे हक्काची पगारी रजा, त्यासाठी आत्तापासून वाचवा, लग्नामुंजीत उडवू नका, नातेवाईक रुसतील तर रुसू देत.

प्रश्न: मी बँकेत क्लार्क आहे, नोकरी सांभाळून डिस्टन्सने एलएलबी करता येईल का? पुढे वकिली करायचीय.

उत्तर: नाही. डिस्टन्सच्या एलएलबीवर वकिलीची सनद मिळत नाही, आणि रेग्युलरला बार काउन्सिलच्या नियमाने 70 टक्के हजेरी लागते. कोणी एजंट "कॉलेजला न येता करून देतो" म्हणाला तर त्याला पैसे देऊ नका, हजेरी खोटी निघाली तर सनदही जाईल आणि बँकेतली नोकरीही.