सुई किती आत जाईल याला 'अंदाज' म्हणावं का?

प्रश्न असा आलाय की लहान मुलांच्या एपिड्युरलबद्दल, म्हणजे पाठीतून सुईने देतात त्या भुलीबद्दल, पालकांसाठी मराठी माहितीपत्रक करायचंय, त्यात "सुईच्या खोलीचा अंदाज" लिहिलं तर ते अंदाजपंचे काम वाटेल का, आणि त्याऐवजी "सूचिकेची अनुमानित गहनता" चालेल का. सोलापुरातच वाटायचंय म्हणता, तर माझं स्पष्ट मत, गहनता नको, अंदाजच ठेवा.

अंदाज हा फारसीतला, तिकडे अंदाजा म्हणजे माप. आपलं अंदाजपत्रकही हिशोब करूनच मांडतात की. बेभरवशाचं असेल तेव्हा आपण अंदाजपंचे म्हणतो, म्हणजे भाषेनेच दोन्ही वेगळं ठेवलंय. शिवाय इथं पूर्व भागात घरोघरी तेलुगू, अक्कलकोटकडच्या कित्येकांच्या घरी कन्नड, आणि कन्नडात अंदाजु आहेच, गहनता त्यातल्या कुणाच्या आजीला कळणार?

आणि डॉक्टर काढतात तो खरोखर अंदाजच असतो. साधारण 6 महिने ते 10 वर्षांच्या मुलात कमरेपाशी किलोमागे 1 मिलिमीटर धरतात, म्हणजे 12 किलोच्या पोराला 12 मिलिमीटर, पण दुसरं एक सूत्र आहे, वजनाला 0.05 ने गुणून 0.8 मिळवायचे, त्याने त्याच पोराला 1.4 सेंटीमीटर येतं. आकडा फक्त कुठून सावध व्हायचं ते सांगतो, नेमकी जागा कळते ती पिवळ्या अस्थिबंधातून, म्हणजे मणक्यांना जोडणाऱ्या चिवट पट्ट्यातून, टोक पार झाल्यावर सिरिंजच्या दट्ट्याला लागणारा जोर एकदम सुटतो तेव्हा. काही ठिकाणी आधी सोनोग्राफीने अंतर बघतात, तिथे मात्र "मोजतात" लिहा.

खोली तेवढं काढा, ऑपरेशनच्या कागदावर खोली म्हटलं की माणसाला रूमच आठवते. आणि नामांची माळ करण्यापेक्षा क्रियापद वापरा: "मुलाच्या वजनावरून सुई पाठीत किती आत जाईल याचा अंदाज आधीच काढतात." काढतात, घेतात नव्हे. अंदाज घेणं म्हणजे चाचपडत बघणं, ते वाचून आईच्या पोटात गोळा येईल.

अजून एक, नुसतं "मणक्यातली भूल" लिहू नका, स्पायनल नावाच्या पाठीतल्या दुसऱ्या भुलीलाही लोक तेच म्हणतात. लहान मुलांना बहुतेक वेळा आधी पूर्ण भूल देऊन झोपवतात नि मग हे देतात, त्यामुळं एपिड्युरल हाच शब्द ठेवा आणि शेजारी लिहा, "मूल झोपल्यावर पाठीतून दिलेलं, ऑपरेशननंतरही दुखणं कमी ठेवणारं औषध".