वडिलांना ते दीड हजार का मिळाले नाहीत?

प्रश्न : ताई, माझे वडील नाशिकला गवंडीकाम करतात आणि आई त्यांच्यासोबतच बिगारी. २०२१ च्या लॉकडाऊनमध्ये बांधकाम कामगारांना १५०० रुपये जाहीर झाले होते, आमच्या गल्लीत दोघांना मिळाले पण वडिलांना एक रुपया नाही. त्यांच्याकडे बांधकाम कामगार मंडळाचं जुनं कार्ड आहे. सरकारी मदत खऱ्या कामगारापर्यंत पोचते का हो?

उत्तर : दादा, पोचते, पण यादीत नाव असलेल्यापर्यंत. कामगार कोण हे सरकार उन्हात उभं राहून बघत नाही, नोंदणी बघतं, आणि बांधकाम कामगार मंडळाची नोंदणी दरवर्षी रिन्यू करावी लागते. तुमच्या वडिलांचं कार्ड जुनं आहे म्हणता, म्हणजे बहुतेक तिथेच घोडं अडलं असणार. रिन्यूअलला मागच्या वर्षभरात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. आता रोज सकाळी नाक्यावर उभं राहणाऱ्या माणसाचा मालक दर दोन दिवसांनी बदलतो, त्याला ९० दिवसांची सही कोण देणार? ठेकेदार तर सही म्हटली की टाळतोच, कारण कागदावर कामगार दाखवला की जबाबदारी येते.

मला याचा राग येतो कारण हे पैसे कुणी दान म्हणून देत नाहीये. १९९६ च्या कायद्यापासून बांधकामाच्या खर्चावर १ टक्का सेस, म्हणजे उपकर, घेतला जातो, तो कामगारांच्याच नावाने जमा होतो. मार्च २०२० मध्ये केंद्राने राज्यांना सांगितलं की या निधीतून कामगारांच्या खात्यात पैसे टाका, तेव्हा देशभरात सुमारे ५२ हजार कोटी रुपये पडून होते आणि नोंदलेले कामगार साडेतीन कोटी. पैसा होता, माणसं मात्र यादीबाहेर.

दुसरं म्हणजे बँक खातं. देना बँकेसारख्या विलीन झालेल्या बँकांचे जुने आयएफएससी कोड, म्हणजे शाखेची ओळख सांगणारे क्रमांक, मार्च २०२१ पासून बंद झाले, त्यामुळे कार्ड चालू असलं तरी मंडळाकडे खात्याची जुनी माहिती असेल तर पैसे अडकू शकतात. तेव्हा पासबुक आधी तपासा.

मदत जाहीर झाली तेव्हा वडिलांची नोंदणी चालू होती असं पावतीवर दिसत असेल तर पासबुकची झेरॉक्स जोडून जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्याच. नोंदणी संपलेली असेल तर त्या दीड हजाराच्या मागे चपला झिजवू नका, नवीन नोंदणी करा. वय १८ ते ६० हवं. ठेकेदार सही देत नसेल तर गावात ग्रामसेवकाकडून, शहरात महापालिकेकडून दाखला मिळतो. फी नाममात्र आहे, एजंट शेकडो रुपये मागेल, देऊ नका.

आणि आईचं नाव वेगळं नोंदवा. नवऱ्याच्या कार्डावर बायको कामगार म्हणून धरली जात नाही, ती विटा-वाळू वाहते तर ती स्वतः कामगार आहे आणि मदत आली तर तिच्या खात्यात वेगळी यायला हवी.