आधी त्यांचा वर्ग ऐक

निपाणी

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि आराखडा दोन्ही मिळालं. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या साक्षरता स्वयंसेवकांना तयार करायचं काम तुझ्याकडे आलं, याचा मला मनापासून आनंद झाला. आराखडा मन लावून केला आहेस. पण त्यात बारा व्हिडिओ आहेत. प्रौढांचं मानसशास्त्र, प्रवेशिकेची म्हणजे वाचायला शिकवायच्या पहिल्या पुस्तकाची ओळख, अंकज्ञान, मूल्यमापन, आणखी काय काय. ते ग्रुपवर टाकायचे, सगळ्यांनी बघायचे, मग गूगल फॉर्म भरायचा. यातले दोन ठेव, प्रवेशिकेची ओळख आणि सरकारच्या प्रौढ साक्षरता कार्यक्रमाच्या ‘उल्लास’ ॲपवरची नोंदणी. बाकीचे करू नकोस. त्यात जाणारा वेळ तुला दुसरीकडे लागणार आहे, तुझे स्वयंसेवक वर्गात प्रत्यक्ष काय बोलतात ते ऐकायला.

१९८८ साली राष्ट्रीय साक्षरता मिशन सुरू झालं तेव्हापासून प्रशिक्षणाची आपली रीत साखळीची. वरची जाणकार मंडळी मास्टर ट्रेनरना शिकवणार, मास्टर ट्रेनर स्वयंसेवकांना आणि स्वयंसेवक गावात जाऊन बायाबाप्यांना. आमटीत पाणी वाढवत न्यावं तसं प्रत्येक पायरीला ते सांगणं पातळ व्हायचं. गावातल्या पोराच्या हाती शेवटी एक पुस्तक आणि ‘प्रेमानं शिकवा’ एवढा उपदेश उरायचा. व्हिडिओमुळे ही गळती थांबते हे खरं आहे. मूळ माणसाचं बोलणं तुझ्या तालुक्याच्या टोकाला कणकुंबीपर्यंत जसंच्या तसं पोचतं. पण साखळीतला मोठा दोष वेगळा होता. सगळं वरून खाली यायचं, खालून वर काहीच जायचं नाही. स्वयंसेवक काय शिकवतोय, कुठे अडतोय, कशाला घाबरतोय, हे वरच्या कुणाच्या कानावर पडायचं नाही. तुझे व्हिडिओही वरून खालीच जाणार.

दूरच्या शिक्षकाला पडद्यावरून शिकवायचा विचार आपल्या भागाला नवा नाही. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात एटीएस-६ हा अमेरिकेचा उपग्रह वापरून ‘साइट’ नावाचा प्रयोग झाला. सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत टीव्ही संच बसवले. कर्नाटकातली गावं विजापूर, गुलबर्गा आणि रायचूर या जिल्ह्यांतली होती, म्हणजे विजापूर तर आपलं शेजारीच. त्यातच प्राथमिक शिक्षकांसाठी विज्ञानाचं बारा दिवसांचं प्रशिक्षण झालं. त्याची आखणी मला आजही पटते. टीव्हीवरचा कार्यक्रम हा त्या दिवसाचा एक भाग असायचा. त्याला जोडून रेडिओ, छापील साहित्य, हातानं करून बघायचे प्रयोग आणि त्याच खोलीत बसून शिक्षकांना बोलतं करणारं एक माणूस. शिवाय त्या उपग्रहावर एका चित्राला दोन आवाज जोडायची सोय होती, त्यामुळे तेच चित्र दोन भाषांत ऐकवता यायचं. सीमाभागात काम करणाऱ्या तुला याचं मोल मी वेगळं सांगायला नको. पुढे शिक्षणासाठी सोडलेल्या एज्युसॅट या भारतीय उपग्रहाच्या प्रायोगिक टप्प्यात आपल्या बेळगावचं विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ आणि नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ होतं. तो उपग्रह २००४ साली अवकाशात गेला. खेड्यात बसवलेल्या त्या टीव्हीला शिक्षकाचा वर्ग मात्र ऐकू येत नव्हता. तुझ्या स्वयंसेवकाच्या फोनला माइक आहे. तुझ्या कामाचं सगळं बळ त्या माइकमध्ये आहे, असं माझं मत आहे.

प्रत्येक स्वयंसेवकानं आठवड्यातून एकदा आपल्या वर्गाचा पाच मिनिटांचा आवाज रेकॉर्ड करायचा. व्हिडिओ नको, फक्त आवाज. फोन चटईवर ठेवायचा आणि शिकवायला लागायचं. घरी गेल्यावर एकट्यानं ऐकायचं आणि दोनच गोष्टी वहीत लिहायच्या. पाच मिनिटांत मी किती बोललो आणि वर्गातल्या बाया किती बोलल्या, ही एक. प्रश्न विचारल्यावर मी किती सेकंद थांबलो, ही दुसरी. रेकॉर्डरवर सेकंद दिसतातच, वेगळं काही लागत नाही.

सेकंदांचं मी उगीच म्हणत नाही. मेरी बड रो या अमेरिकन संशोधक बाईंनी १९७०च्या दशकात शाळेतल्या वर्गांच्या टेप ऐकून हेच मोजलं होतं. शिक्षक प्रश्न विचारायचे आणि सरासरी एक सेकंद थांबून पुढे जायचे. कधी उत्तर स्वतःच द्यायचे, कधी दुसऱ्या मुलाकडे वळायचे. तेच थांबणं तीन सेकंदांवर नेलं तेव्हा मुलांची उत्तरं लांबली, गप्प बसणारी मुलं बोलू लागली, उलट प्रश्नही विचारू लागली. हे झालं शाळेतल्या पोरांचं. जिला जन्मभर ‘तुला काय कळतंय’ असंच ऐकावं लागलं, त्या पन्नाशीच्या बाईला तीन सेकंदसुद्धा अपुरे पडतात.

इथल्या एका मुलीनं मला असा एक तुकडा ऐकवला. बीएला आहे, शिकवायची हौस मोठी. तिच्या वर्गात सगळ्या बिडी वळणाऱ्या बाया. हातात नळाच्या चित्राचं कार्ड. ती विचारते, “हे काय आहे?” आणि श्वासही न घेता, “नळ. म्हणा, नळ.” बाया म्हणतात, “नळ.” मग “न, ळ, नळ,” पुन्हा “न, ळ, नळ.” मागून एक आवाज येतो, “आमच्या गल्लीला पाणी चार दिसांनी येतंय बघ.” ती म्हणते, “मावशी, इकडं लक्ष द्या.” तिथं तिनं स्वतःच फोन थांबवला आणि माझ्याकडे बघितलं. मला काही सांगावं लागलं नाही. ते चित्र असतंच गल्लीतल्या पाण्याची गोष्ट निघावी म्हणून. आधी बोलणं, मग त्यातला शब्द, मग अक्षर. हे तिला प्रशिक्षणात सांगितलेलं होतं आणि तिनं वहीत नीट लिहूनही घेतलं होतं. पुढच्या तुकड्यात तिनं विचारलं, “नळाला पाणी कधी येतं?” आणि थांबली. मग बाया बोलायच्या थांबेनात. मावशीचं वाक्य तिनं मावशीच्याच तोंडच्या शब्दांत फळ्यावर लिहिलं, ‘पाणी चार दिसांनी येतंय’, आणि मावशीनं ते बोट ठेवून वाचलं. तुझ्या बारा व्हिडिओंपैकी एकानंही हा बदल झाला नसता.

बी.एड.ला तू सूक्ष्म अध्यापन केलं आहेस. छोटा पाठ, त्याचं निरीक्षण, सुधारून पुन्हा तोच पाठ. साठच्या दशकात स्टॅनफर्ड विद्यापीठात ते सुरू झालं तेव्हा पाठ व्हिडिओवर टिपून शिकणाऱ्या शिक्षकाला दाखवत. आपल्याकडे यंत्र परवडणारं नव्हतं, म्हणून मागे वही घेऊन बसणारा निरीक्षक आला आणि हळूहळू ते गुणांपुरतं उरलं. आता यंत्र प्रत्येकाच्या खिशात आहे, तर मूळ रीत परत आणता येईल.

ही रेकॉर्डिंगं मोठ्या ग्रुपवर टाकू देऊ नकोस, एवढं मात्र कटाक्षानं पाळ. चार-पाच जणांचा गट करायचा, महिन्यातून एकदा समोरासमोर बसायचं, ज्याचा तुकडा त्यानं आपल्या फोनवरून ऐकवायचा. आधी त्यानं स्वतः बोलायचं, मग बाकीच्यांनी, तू अगदी शेवटी. तू आधी तोंड उघडलंस की ती परीक्षा होते, आणि पुढच्या वेळी पोरं ठरवून तालीम केलेला तुकडा आणतील. वर्गातल्या बायांना दर वेळी विचारायचं: शिकवणं सुधारायला आवाज टिपतोय, ऐकून झाला की पुसून टाकणार, चालेल का? एकजण जरी नको म्हणाली तरी नको. आणि कुणाच्या चेहऱ्याचा फोटो नाही. अंगठा उठवते म्हणून बाई आधीच मान खाली घालून येते. तिचा पाटी घेतलेला फोटो गावभर फिरला तर ती उद्या येणार नाही, आणि तिचं बरोबरच असेल.

फोन सगळ्यांकडे आहे असं धरून चालू नकोस. मुलींपैकी बऱ्याच जणींचा फोन घरातल्या सगळ्यांचा असतो. भाऊ कामाला गेला की फोनही गेला. रात्री आठला ऑनलाइन बैठक ठेवून गैरहजेरी मांडलीस तर त्याच मुली यादीत दिसतील, आणि बहुधा त्याच तुझ्या सगळ्यात चांगल्या स्वयंसेविका असतील. जांबोटी-कणकुंबी पट्ट्यात पावसाळ्यात वीज आणि रेंज दोन्ही जातात. तिकडच्यांना ‘दीक्षा’ या सरकारी शैक्षणिक पोर्टलवरचं लागेल ते साहित्य आधीच उतरवून मेमरी कार्डात भरून दे. आणि साध्या कॉलला कमी लेखू नकोस. चौघींना एका कॉलवर घेऊन दहा मिनिटं बोललीस तर पानभर मेसेजपेक्षा जास्त काम होतं.

आता लिपीचं. तुझ्या तालुक्यात घरात मराठी, बसवरची पाटी कन्नड, ग्रामपंचायतीची नोटीस कन्नड. २०२३च्या जूनमध्ये कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेनं बायकांचा बसप्रवास मोफत झाला, त्याच वर्षी ऑगस्टपासून गृहलक्ष्मी योजनेचे महिना २००० रुपये खात्यात यायला लागले. तेव्हापासून पाटी आणि मेसेज वाचता यायला हवा हे बाया आपणहून सांगतात. भाषेचा वाद वर्गात आणू नकोस. तोंडात जी भाषा आहे तिच्यात वाचायला शिकणं सोपं, म्हणून सुरुवात मराठीनं कर. हात बसला की कन्नडकडे ने. दोन्ही लिप्या ब्राह्मीतूनच आल्या आहेत. क ख ग घ चा क्रम तोच, व्यंजनाला स्वराचं चिन्ह जोडायची पद्धतही तीच. कन्नडमध्ये ऱ्हस्व आणि दीर्घ ए, ओ वेगळे लिहितात, ते तेवढं मुद्दाम दाखवावं लागतं. तुझे कितीतरी स्वयंसेवक घरी मराठी बोलणारे आणि कन्नड माध्यमात शिकलेले असतील. ते स्वतःला दोन्हीकडे कच्चे समजतात. त्यांना सांग की या कामाला त्यांच्याइतका योग्य माणूस मिळणार नाही. मोठा ग्रुप ठेवायचाच असेल तर यासाठी ठेव: प्रत्येकानं आपल्या स्टँडवरच्या पाट्यांचे, दुकानाच्या फलकांचे, औषधाच्या चिठ्ठीचे फोटो त्यात टाकायचे. खानापूर, नंदगड, लोंढा, बेळगाव या पाट्या वर्गात आल्या की बाया दुसऱ्या दिवशी स्टँडवर त्या शोधतात. बेंगळुरूत किंवा पुण्यात तयार झालेल्या साहित्यात तुझ्या स्टँडवरची पाटी कशी असणार?

अंकांचंही तसंच. फोनच्या कीपॅडवरचे आकडे बहुतेकींना ओळखता येतात, तिथूनच सुरू करू दे. आमच्याकडे बिडीची मजुरी हजार बिड्यांमागे ठरते, त्यातून छाट, म्हणजे नापास केलेल्या बिड्या, वजा होते, आणि शाळेचं तोंड न पाहिलेली बाई हा सगळा हिशेब तोंडी करते. तुझ्याकडे वीटभट्टीवर काम करणाऱ्या बाया असतील, त्यांचे हिशेब त्यांना पाठ असतात. स्वयंसेवकानं आधी तो हिशेब तिच्या तोंडून ऐकायचा, रेकॉर्ड करायचा, आणि तिच्याच पायऱ्यांनी कागदावर उतरवायचा. वर्गात तिनंही काही शिकवलं याचा तिला होणारा आनंद तू एकदा बघच.

चॅटबॉटकडून वाचनपाठ लिहून घेऊ का, असं तू विचारलं आहेस. स्वयंसेवकाला नमुना म्हणून एखादा घे, पण तो तसाच वर्गात नेऊ देऊ नकोस. त्यातली मराठी छापील पुस्तकातली असते. आपल्या बाया बोलतात त्यात अर्धे शब्द कन्नडमधून आलेले, क्रियापदं वेगळी. बोललेलं टाइप करणारी सोय फोनमध्ये आहे, ती वापरून बघायला हरकत नाही. आपली बोली तिला बऱ्याचदा नीट कळत नाही, मग स्वयंसेवकानं बाईला विचारत विचारत ते वाक्य हातानं दुरुस्त करायचं. ती दुरुस्ती दोघींनी मिळून केली तर तोच चांगला पाठ होतो.

‘उल्लास’च्या नोंदणीला वेगळा दिवस दे. प्रशिक्षणाच्या दिवशी ॲप उघडलंस की ओटीपी, आधार आणि रेंज यातच संध्याकाळ होते. शिकणाऱ्या बायांच्या शेवटच्या चाचणीची धास्ती स्वयंसेवकांना फार असते. १५० गुण, वाचन, लेखन आणि अंकज्ञान यांना प्रत्येकी ५०, एवढं एकदा समजावून सांग आणि पुढे जा. वरिष्ठ तुला नोंदणीचे आकडे विचारतील, ते वेळेवर दे. पण तुझ्या स्वतःच्या वहीत दुसरी नोंद ठेव: कोणत्या स्वयंसेवकाच्या वर्गात बाया आता जास्त बोलू लागल्या.

पहिली ऐकण्याची बैठक दसऱ्यानंतर घे, तोवर शेतीची घाई थोडी ओसरते. त्या बैठकीत स्वयंसेवकाचा तुकडा आधी लावू नकोस. येत्या प्रशिक्षणाच्या दिवशी तू स्वतः बोलत असताना फोन टेबलावर चालू ठेव आणि बैठकीत त्यातली पाच मिनिटं सगळ्यांसमोर ऐकव. तू किती बोललीस आणि प्रश्न विचारून किती सेकंद थांबलीस, ते त्यांनाच मोजू दे. तोच तुकडा मलाही पाठव. रविवारी दुपारी मी घरी असते, ऐकून तुला फोन करीन.

तुझी,
बाई